वर्तणुकीचा रकाना

आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत खरेदीखते आणि वारसनोंदीचे उतारे यांच्याबरोबर तीन पिढ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले एका फडक्यात बांधून ठेवलेले आहेत. आणि पूर्ण नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी व अंकी, अशा रकान्यांची उतरंड उतरत आपण खाली आलो, म्हणजे 'वर्तणूक' नावाचा एक रकाना लागतो, आणि त्यात तिन्ही पिढ्यांपुढे एकच शब्द लिहिलेला आढळतो: 'चांगली'. आता माझे एक काका शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकून नियमाने पळत असत, आणि मी स्वतः बिगरीपासून दुसरीपर्यंत वर्गात तोंड उघडले नव्हते, हे घरादारात सर्वश्रुत असता, हेडमास्तरांच्या टाकाने आम्हां सर्वांना सरसकट चांगले ठरवावे, याला औदार्य म्हणावे की दफ्तरी आळस, याचा निवाडा मी करीत नाही. मला कुतूहल आहे ते त्या रकान्याचेच. मुलाच्या स्वभावाची नोंद कागदावर व्हावी आणि आईबापांनी ती धडधडत्या काळजाने वाचावी, ही वहिवाट आपल्याकडे पडली कशी?

पंतोजींच्या शाळेत असा रकाना असणे शक्य नव्हते, कारण तेथे कागदाला हात लावण्याची वेळ विद्यार्थ्यावर फार उशिरा येत असे. देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराची ओसरी किंवा पंतोजींच्याच घराची पडवी, हीच शाळा. मुहूर्त पाहून आणि पाटीपूजन करून मुलाला तेथे नेऊन बसवायचे, त्याच्यापुढे लाकडी धूळपाटी ठेवायची, तिच्यावर बारीक धूळ पसरायची, आणि अक्षर गिरवून गिरवून बोट दुखू लागले की पाटीला एक हिसका द्यायचा, म्हणजे सकाळपासूनची सारी मेहनत सपाट होऊन पोर पुन्हा पहिल्या रेघेशी येत असे. धुळाक्षरांमागून मोडी, मोडीबरोबर उजळणी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आणि तिन्हीसांजेला सर्वांनी मिळून परवचा, ज्यात न येणाराही येणाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून निभावून नेत असे. ही शाळा सगळ्या गावाची नव्हती, हे येथेच सांगितले पाहिजे: ब्राह्मण, वाणी आणि काही सुखवस्तू घरांतले मुलगे यांच्यापुरतीच ती उघडी होती, मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिची पायरी वर्ज्य होती.

तिथल्या शिक्षा प्रसिद्धच आहेत. छडी ही नित्याची. त्यावर अंगठे धरून ओणवे राहणे. त्याहून वरची म्हणजे आढ्याला बांधलेल्या दोरीला मुलाने दोन्ही हातांनी लोंबकळत राहायचे, आणि हात सुटू लागले की खालून छडी. शाळा चुकविणाऱ्या मुलाला आणण्यासाठी पंतोजी चार दांडगे विद्यार्थी रवाना करीत, आणि ते त्याचे हातपाय आपसात वाटून घेऊन त्याला भर रस्त्यातून अधांतरी मिरवीत आणीत व शाळेच्या ओट्यावर आणून टाकीत. अशा धरून नेण्यालाच उचलबांगडी म्हणत. आज वर्तमानपत्रांनी तो शब्द बदली झालेल्या अंमलदारांसाठी राखून ठेवला आहे, आणि बातमी वाचताना मला दर वेळी ती चार पोरे दिसतात. या सर्व प्रकाराला आईबापांची केवळ मूक संमती नव्हे, चांगली चढाओढीची साथ असे. पाच वर्षे लाड करावेत, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच मित्राप्रमाणे वागवावे, हा चाणक्याच्या नावावर चालणारा उपदेश त्यांनी मधल्या दहा वर्षांपुरता मनापासून पाळला होता. मूल घरी हट्ट करते, बहिणीला चावते, पानात टाकते, अशा कागाळ्यासुद्धा पंतोजींच्या कानी जात आणि त्यांचा हिशेब शाळेत चुकता होत असे.

तरीही एका गोष्टीत ती क्रूर शाळा पुढच्या शहाण्या शाळेपेक्षा मुलाला सुखाची होती, असे माझे मत आहे. तिच्यात इयत्ता नव्हत्या. दसऱ्याला बसलेला आणि माघात बसलेला, दोघेही आपापल्या पाटीपुरते चालत. मोठी मुले धाकट्यांना घोकवीत. एकाची सवायकी होईपर्यंत दुसऱ्याचे पाढेच चालले असले तर त्याला कोणी नापास म्हणत नसे, कारण तो शब्दच जन्माला यावयाचा होता. मंद मूल मार खाई, परंतु मागे पडत नसे.

मारावाचूनही मूल वळविता येते ही कल्पना मराठीत छापील रूपाने आली ती सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'बाळमित्रा'तून. बर्क्वीन या फ्रेंच ग्रंथकाराच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणलेले हे पुस्तक १८२८ साली निघाले, आणि त्यात हट्टी, खोटे बोलणारी, भित्री मुले अनुभवाने शहाणी होतात. ते वाचणाऱ्या शाळांतली छडी मात्र तशीच राहिली.

खरा बदल झाला तो खात्यामुळे. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र विद्याखाते स्थापन झाले, आणि त्याच्याबरोबर इयत्ता, हजेरीपट, वार्षिक परीक्षा आणि तपासणीला येणारे दिपोटी, असा सारा सरंजाम खेडोपाडी उतरला. शाळेच्या भिंतींना सफेदा लागला, आणि पोरांना डोकी विंचरून येण्याची ताकीद मिळू लागली. पण याच व्यवस्थेत खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली; साहेबासमोर जितकी मुले उत्तीर्ण, तितके रुपये. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या १८८२ च्या हंटर कमिशननेही देशी शाळांसाठी तीच पद्धत उचलून धरली. तिचा परिणाम कोणी योजलेला नसेल, पण तो अटळ होता: तोतरे बोलणारे, घाबरून गप्प बसणारे, जागेवर न ठरणारे पोर आजवर मास्तरांच्या डोक्याला ताप होते, ते आता त्यांच्या पोटाला चिमटा झाले. परीक्षेच्या दिवशी अशा मुलाला घरीच ठेवा, असा निरोप बापाला धाडणे हा मास्तरांच्या दृष्टीने साधा व्यवहार ठरला.

याच हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. बडोद्यास सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात पडले. आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा कायदा करून, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या कायद्याच्या थोरवीविषयी मला शंका नाही. कुळंबी, महार, मांग यांच्या पोरांना ओट्यावर चढविणारा तो कायदा होता. परंतु पालकाचे स्थान त्यात कसे पालटले तेही पाहण्याजोगे आहे. पंतोजींना शिधा देणारा तो यजमान होता. आता तो रुपया भरणारा कसूरदार झाला. आणि मूल शाळेत जाण्याऐवजी ओढ्याकाठी का बसते, हे त्याला किंवा दंड वसूल करणाऱ्या कारकुनाला कोणी विचारले असते, तर दोघांनाही उत्तर देता आले नसते.

हा प्रश्न विचारणारे एक गृहस्थ शिक्षक नव्हते, वकील होते. गिजुभाई बधेका यांना आपला मुलगा शिकण्याच्या वयाचा होऊ लागला तेव्हा त्याला कोठे घालावे ही चिंता पडली. मोतीभाई अमीन यांनी त्यांच्या हाती माँटेसरीविषयीचे पुस्तक दिले, आणि त्या वाचनातून वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरास दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर उभे राहिले. आईबाप होणे कठीण आहे, अशा अर्थाचे नावच त्यांनी पालकांसाठी लिहिलेल्या आपल्या एका गुजराती पुस्तकाला दिले आहे. १९२३ मध्ये राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील नोकरी सोडून ताराबाई मोडक लहान मुलीसह भावनगरास आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३३ पासून मराठी 'शिक्षणपत्रिका' ताराबाईंच्या संपादकत्वाखाली महाराष्ट्रातल्या घरांत जाऊ लागली. मूल हट्ट करते तेव्हा ते काय मागत असते, या प्रश्नावर मध्यमवर्गीय आईने स्वयंपाक उरकल्यावर मराठीत काही वाचावे, ही गोष्ट तोवर दुर्मीळच होती.

मुंबईत १९३६ साली निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने पुढल्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, ते या देशातले पहिले. तेथे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका मिळून मुलाचा विचार करीत, आणि आईकडे सविस्तर विचारपूस होई: बोलू केव्हा लागले, झोपते कोणाजवळ, घरात भांडणे कोणाची. 'द्वाड', 'वांड', 'घुमे' हे शब्द त्या खोलीत बाजूला ठेवले गेले, आणि त्यांच्या जागी 'समस्या' हा शब्द आला. मला तो फारसा आवडत नाही. द्वाड पोर आजीच्या तोंडी निदान कौतुकाने तरी असे. पण आईला खुर्चीवर बसवून तिचे कोणी तासभर ऐकून घेतले, हे त्या शब्दाच्या पुष्कळ वर होते.

हे सारे भावनगर आणि दादर येथल्या घरांपर्यंत पोहोचले. ज्यांच्या मुलांची नावे हजेरीपटावरच नव्हती, त्यांच्यापर्यंत नाही. म्हणून १९४५ मध्ये ताराबाई, आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ, ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी मुले येत नाहीत हे पाहून बालवाडीच वस्तीत, घरांपुढल्या मोकळ्या जागेत नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. सकाळी पोरे गोळा करायची, त्यांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी. माँटेसरीची महागडी लाकडी साधने परवडण्याजोगी नव्हती, म्हणून चिंचोके, शिंपले, पाने आणि खडे. पुढे १९५७ च्या सुमारास कोसबादच्या टेकडीवर वारली पोरांनी गुरे सोडून येण्यास नकार दिला, तेव्हा शिक्षिकाच कुरणावर गेल्या आणि कुरणशाळा भरली.

त्यातही एक गाठ उरली होती. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत टिकत नसत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे फुल्यांमागून फुल्या पडत, आणि शेरा 'अनियमित'. कारण आई मजुरीला गेलेली असे आणि धाकटे भावंड मुलीच्या कडेवर. ताराबाईंनी मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरविली, आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. सकाळी पोरगी यायची, कडेवरचे मूल पाळण्यात टाकून त्याला दोन झोके द्यायची, दोरी दाईच्या हाती देऊन पाटी घेऊन पलीकडे बसायची. आणि मूल रडले तर उठून पाहून परत येण्याची तिला मुभा होती.