बंद यंत्रांची शिरगणती

सरकारी रुग्णालयात नवं यंत्र आलं की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. नव्याची नवलाई नऊ दिवस! हमीची मुदत संपते, एखादा सुटा भाग निकामी होतो आणि यंत्रावर चादर पडते. मग पेशंटच्या हाती बाहेरच्या तपासणीची चिठ्ठी.

अशी झाकलेली यंत्रं राष्ट्रीय आरोग्य अभियानानं मोजायला घेतली. २९ राज्यं, २९ हजारांवर आरोग्यसंस्था, साडेसात लाखांहून जास्त यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद निघाली. जसं राज्य तसा आकडा. चिठ्ठी घेऊन परतलेली माणसं मात्र या शिरगणतीत नाहीत.

२०१५ मध्ये देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. यंत्र किती काळ चालू हवं, हेही ठरलं : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. ही उतरंड मला खटकते. खेड्यातल्या केंद्रात नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र बहुधा एकच असतं. ते बिघडलं तर बाळंतिणीला आणि बाळाला रात्रीच जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायचं. शंभरातून ऐंशी वजा केले की उरतात वीस. वर्षाचे ते ७३ दिवस होतात.