लोखंडाचे कवच आणि माणसाचे कवच

वसईच्या किल्ल्याचा इतिहास आपल्याकडे मुलांनाही तोंडपाठ असतो. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. त्या विजयाची खूण म्हणून नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा दाखविली जाते. घंटेची धातू हवेने काळवंडते, हिरवट होते. पण तो पातळ थरच पुढे तिचे रक्षण करतो. लोखंडाचे तसे नाही. त्याचा गंज पोपडा धरतो, गळून पडतो आणि खालच्या कोऱ्या लोखंडाला पुन्हा वाऱ्याच्या स्वाधीन करतो. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये राहणाऱ्या वसई-विरारकरांना हे सांगावयास नको. खिडकीचे गज त्यांना ते दर पावसाळ्यात सांगतात. म्हणून लोखंडाच्या इतिहासाबरोबर लेपाचा इतिहासही चालत आलेला आहे. त्यातले एकच प्रकरण आम्ही येथे मांडणार आहोत : मोटारीच्या इंजिनाच्या भागांवर भाजून बसविलेला कोरडा रंग, म्हणजेच पावडर कोटिंग.

विषय लहान आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु लहान वस्तू नीट न्याहाळली तर तिच्यात मोठ्या गोष्टींचे प्रतिबिंब दिसते.

मोटार आली तेव्हा तिचा रंग घोडागाडीकडून आला. तेलाच्या व्हार्निशचे थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळू द्यावयाचा, घासावयाचा आणि पुन्हा नवा द्यावयाचा. एका गाडीस आठवडेच्या आठवडे लागत. हेन्री फोर्डच्या कारखान्यात दिवसाला शेकडो गाड्या तयार होऊ लागल्या, तेव्हा इतका वेळ कोणी द्यावयाचा? १९१४ ते १९२५ या काळात त्यांची मॉडेल टी गाडी केवळ काळ्याच रंगात मिळे. पुढे अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने ड्यूको नावाचा रंग काढला आणि १९२४ च्या ओकलंड गाडीवर तो निळ्या रूपात झळकला. फवाऱ्याने मारला की तो झटपट वाळे. आमच्याकडील गॅरेजमध्ये आजही मोटारीच्या रंगाला ‘ड्यूको’ म्हणणारे कारागीर भेटतात. कंपनीचे नाव विसरले गेले, मालाचे नाव भाषेत राहिले.

पण हा रंग इतक्या लवकर वाळत होता तो कशामुळे? त्यातले थिनर हवेत उडून जात असे म्हणून. आणि हवेत उडालेले थिनर जाते कोठे? फवारा धरणाऱ्याच्या छातीत. इतिहासाच्या पुस्तकांत ड्यूकोने वाचविलेल्या वेळाचा हिशेब असतो, त्या छातीचा क्वचित असतो. रंगाच्या विषाची जाणीव जगाला नव्हती असे मात्र नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ सालीच रंगकामातील सफेद्याविरुद्ध, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाविरुद्ध, करार संमत केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. या दोन तारखांमध्ये अडुसष्ट वर्षे गेली. तेवढ्यात रंगाऱ्यांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या.

आता इंजिनाकडे वळू. बॉनेटखाली दडलेल्या यंत्राला रंगाची गरज काय, असे कोणी विचारील. पहिली गरज गंजापासून बचावाची; दुसरी म्हणजे गळणारे तेल चटकन दिसावे आणि पुसता यावे ही; आणि तिसरी निव्वळ ऐटीची. ऐटीची हद्द पाहावयाची तर इटलीकडे पाहावे. फेरारीने १९५६ साली एका शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावरची झाकणे तांबडी रंगविली आणि गाडीचे नावच पडले टेस्टा रोसा, म्हणजे ‘लाल डोके’. पुढच्या वर्षाअखेरीस आलेल्या २५० टेस्टा रोसाने ल माँची चोवीस तासांची शर्यत १९५८, १९६० आणि १९६१ साली जिंकली. नाव पडले ते रंगावरून. ज्याने तो ब्रश किंवा फवारा चालविला त्याचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही.

त्याच सुमारास जर्मनीत एक निराळी कल्पना आकार घेत होती. एर्विन गेमर या शास्त्रज्ञाने १९५३ साली एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हौदात रंगाची कोरडी भुकटी भरावयाची, तळातून हवा सोडून ती उकळत्या पाण्यासारखी खेळती ठेवावयाची आणि तापविलेला धातूचा भाग तीत बुडवावयाचा. भुकटी वितळून चिकटते आणि जाड, अखंड थर बसतो. थिनरचा थेंबही लागत नाही. हा थर नाजूक भागांसाठी फारच जाड होता. १९६० नंतरच्या दशकात विजेची बंदूक आली तेव्हा ही अडचण दूर झाली. बंदूक भुकटीच्या कणांना हजारो व्होल्टचा विद्युद्भार देते, भाग जमिनीशी जोडलेला असतो आणि कण आपण होऊन त्याच्याकडे धाव घेतात. मग तो भाग ओव्हनमध्ये १८० ते २०० अंश सेल्सिअसला सुमारे दहा मिनिटे भाजला की काम पुरे. खाली पडलेली भुकटी गाळून पुन्हा वापरता येते.

जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या शौकिनाला ही पद्धत आवडली यात नवल नाही. परंतु तिच्यात कारागिरीचा कस लागतो. जुने ॲल्युमिनियमचे झाकण पन्नास-साठ वर्षे तेल प्यायलेले असते. ते आधी रिकामेच भाजून घेतले नाही तर रंगाखालून तेल व वायू सुटून पृष्ठभागावर फोड येतात. आट्यांत, बेअरिंगच्या जागी आणि गॅसकेट बसते त्या तोंडावर रंग जाता कामा नये, म्हणून तेथे बुचे व टेप लावावी लागतात. खोल कोपऱ्यात भुकटी शिरत नाही. मायकेल फॅरेडेने १८३६ साली पिंजऱ्याच्या प्रयोगाने दाखविले तेच तत्त्व येथे आडवे येते. धूर नेणाऱ्या नळकांड्यांवर साधी भुकटी टिकत नाही, जळून जाते. हे सारे हाताला कळावे लागते.

आपल्या मुंबईच्या मोटारींचा संसारही याच लेपांच्या आधाराने चालला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या फियाट गाडीला १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची ओळख बनली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या पद्मिनी शौकिनांच्या झाल्या. कारखाना गेला; दुरुस्तीचे आणि लेपाचे काम मात्र लहान गाळ्यांत आले.

गाळा हा शब्द वसईत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात खाजगी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील मोठा कारखाना हा कामगाराचा आधार राहिला नाही आणि पुष्कळ काम अशा गाळ्यांत विखुरले. पावडर कोटिंगही तेथेच चालते : आज खिडकीचे ग्रिल, उद्या विजेचे पॅनेल, परवा एखाद्या हौशी माणसाच्या गाडीचे झाकण.

येथे आम्हांस दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. भुकटीने थिनर हटविले हा कामगाराचा खरा लाभ आहे. तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण रंगाआधी भाग धुवावा लागतो. त्यासाठी टाक्यांची रांग असते : तेल काढणारी टाकी, गंज खाणाऱ्या ॲसिडची टाकी, फॉस्फेटची टाकी, मधेमधे पाण्याच्या टाक्या. ॲल्युमिनियमला कित्येकदा क्रोमेटची टाकी लागते आणि षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. हवेत दाटलेली भुकटी ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे बंदुकीपाशी धोका कमी झाला आणि टाकीपाशी तो तसाच राहिला. आम्ही संघटनेच्या कामासाठी अशा गाळ्यांत जातो, तेव्हा पहिली नजर बंदुकीकडे नव्हे, टाकीवरच्या पंख्याकडे टाकतो.

मग कायदा काय करतो? त्याचाही इतिहास आकड्यांत वाचता येतो. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने शंभर कामगारांचा कारखाना धरला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पिढीने आवाज उठविला आणि १८९१ साली शंभराचे पन्नास झाले. १९२२ साली वीस झाले. स्वतंत्र भारताने १९४८ साली, यंत्रशक्ती असेल तर, दहावर आणले. जवळजवळ सत्तर वर्षे कायद्याचे जाळे बारीक होत गेले. २०२० च्या संहितेने दहाचे पुन्हा वीस केले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. संहितेतील काही कर्तव्ये दहा माणसांच्या आस्थापनेलाही लागू आहेत, आणि धोक्याचे काम अधिसूचित केले तर संख्येची अटही सुटते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु सात-आठ माणसांच्या गाळ्याला, अधिसूचना निघेपर्यंत, यातले काय पोहोचणार? ॲसिडची वाफ हजेरीपत्रक मोजून छातीत शिरत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. धोका माणसांच्या संख्येवरून न मोजता टाकीतल्या द्रव्यावरून मोजावा. एका वसाहतीतील सर्व गाळ्यांनी मिळून सांडपाण्याची आणि वैद्यकीय तपासणीची सोय करावी. एकट्याला न परवडणारी गोष्ट पन्नासांना परवडते, हेच तर संघटनेचे तत्त्व. आणि काम देणाऱ्या गिऱ्हाइकाने, मग तो बिल्डर असो की जुन्या मोटारीचा शौकीन, दर विचारताना हातमोजे आणि वाफ खेचणारा पंखा आहे की नाही हेही विचारावे. नगरीच्या सुजाण नागरिकांच्या हाती एवढे तर निश्चित आहे.

लोखंड गंजू नये म्हणून माणसाने सतत बुद्धी वेचली : व्हार्निश, ड्यूको, भुकटी, विजेची बंदूक. त्या लोखंडाला कवच घालणाऱ्या माणसासाठी तेवढीच बुद्धी वेचली जाईल तेव्हाच हा इतिहास पुरा झाला असे आम्ही म्हणू.