भिंतीवरची चिनी माती : ताटापासून दालनापर्यंत

१/११
मोठ्या हॉटेलाच्या स्वागतकक्षात निळ्या-पांढऱ्या ताटल्यांनी मढवलेली भिंत दिसली, की आपण सहज म्हणतो, ‘चिनी पद्धतीची सजावट’. कला चीनची, हे खरेच. परंतु ताटल्या-फुलदाण्यांनी अख्खे दालन मढवण्याची हौस फोफावली ती चीनबाहेरच्या राजवाड्यांत. त्या हौसेचा हा इतिहास.

२/११
या कलेचे माहेरघर म्हणजे जियांग्शी प्रांतातील जिंगदेझेन. इ. स. १००४ च्या सुमारास सुंग सम्राटाच्या ‘जिंगदे’ या कालनामावरून नगराला हे नाव मिळाले. जवळच्या गाओलिंग येथील शुभ्र माती, म्हणजेच केओलिन, आणि विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली, की भांडे पांढरेशुभ्र, टणक होते आणि पातळ असेल तर त्यातून उजेडही झिरपतो. मराठीने या वस्तूला देशाचेच नाव दिले : चिनी माती.

३/११
आणि तो प्रसिद्ध निळा रंग? चौदाव्या शतकात जिंगदेझेनचे कारागीर त्यासाठी इराणकडून आलेले कोबाल्ट वापरत. १३५१ साली एका ताओ मंदिराला अर्पण केलेल्या, तशा लेखासह घडवलेल्या दोन फुलदाण्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्याला आपण अस्सल चिनी निळाई समजतो, ती अशी दोन देशांच्या व्यापारातून उमलली.

४/११
१६३७ मध्ये सुंग यिंगशिंग या लेखकाने ‘तियानगोंग काईवू’ या ग्रंथात नोंदवले, की एक पेला तयार होईपर्यंत ७२ हातांखालून जातो. माती मळणारा निराळा, चाकावर आकार देणारा निराळा, रेखाटणारा निराळा, भट्टी सांभाळणारा निराळा. शाही भांड्यांच्या तळाशी नाममुद्रा असे. ती सम्राटाच्या राजवटीची.

५/११
चीनमध्ये चिनी माती वास्तूला लागलीच नाही, असे मात्र नव्हे. मिंग सम्राट योंगलने नानजिंग येथे आरंभलेला मनोरा शुभ्र पोर्सेलिनच्या विटांनी मढवलेला होता. ताइपिंग बंडाच्या धामधुमीत १८५६ मध्ये तो उद्ध्वस्त झाला. परंतु तिथे वीट ही वीट म्हणूनच भाजली होती. जेवणाचे ताट भिंतीवर चढले नव्हते.

६/११
ताट आणि वाडगे जेवणातून उठून दालनात गेल्याचे एक ठळक उदाहरण इराणचे. १६११ मध्ये शाह अब्बास याने अर्दबील येथील शेख सफी यांच्या दर्ग्याला अकराशेहून अधिक चिनी भांडी अर्पण केली. त्यांच्यासाठी ‘चिनीखाना’ सजला आणि त्याच्या भिंतींत नक्षीदार कोनाडे घडवण्यात आले.

७/११
पोर्तुगिजांचा माल मकाव, मलाक्का, गोवा असे टप्पे घेत लिस्बनला पोहोचे. तेथील सांतोस राजवाड्यातील एका दालनाचे पिरॅमिडच्या आकाराचे छत अडीचशेहून अधिक चिनी ताटांनी भरलेले आहे. ताट आता मान वर करून पाहायचे!

८/११
ज्यांना एवढा माल परवडत नसे, ते नावावर भागवत. १६७० मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्साय येथे ‘पोर्सेलिनचे त्रियानों’ बांधले. त्यात पोर्सेलिन नव्हते, होत्या साध्या मातीच्या झिलईदार फरशा. हवेपुढे त्या टिकेनात. १६८७ मध्ये ती वास्तू पाडली. योगायोग पाहा : त्याच वर्षी औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि तानाशाहाला दौलताबादच्या ‘चिनी महाला’त कैदेत ठेवले. हे नावही निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांवरूनच पडलेले.

९/११
१७०६ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात पोर्सेलिनचे दालन पूर्ण झाले. जमिनीपासून छतापर्यंत भांडी आणि त्यांच्यामध्ये आरसे, म्हणजे संपत्ती दुप्पट भासावी. राजाचे वैभव मोजायला पाहुण्याला खजिन्यात जाण्याची गरज उरली नाही.

१०/११
सॅक्सनीचा ऑगस्टस तर या वेडाचा कळस. सोने बनवण्याचा दावा करणाऱ्या बोटगर या तरुणाला त्याने अडकवून ठेवले. १७०८ मध्ये चिर्नहाउस या विद्वानाच्या साहाय्याने बोटगरला सोने नव्हे, पोर्सेलिन साधले; १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. तरीही हाव शमली नाही. १७१७ मध्ये ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यांतील मोठ्या फुलदाण्या आजही ‘ड्रॅगून फुलदाण्या’ म्हणून ओळखल्या जातात. ड्रॅगून म्हणजे ते सैनिक.

११/११
हॉटेलातील त्या भिंतीची पूर्वपीठिका ही अशी आहे. पाहुण्याला दिपवणे हे तिचे काम तेव्हाही होते, आजही आहे. त्यात गैर काही नाही. परंतु ‘चिनी सजावट’ एवढ्या दोन शब्दांत इराणचे कोबाल्ट, गोव्याचे बंदर, बोटगरची कैद आणि भांड्यांच्या मोलाने दिलेले ६०० सैनिक झाकले जातात. ७२ हातांची नावे तर ताटावर कधी नव्हतीच. आणि तळाशी जी नाममुद्रा असते, तीही ताट टांगले की भिंतीकडे तोंड करून बसते.