नदी सुटली, नाव सुटलं नाही

मंडळी, हडसन नदीत कयाक चालवायची असेल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. परवा आम्ही चार मित्रांची कुटुंबं कोल्ड स्प्रिंगला गेलो, तेव्हा तेच केलं. भरतीबरोबर वर गेलो, काठाला लागून डबे उघडले, पाणी फिरेपर्यंत निवांत गप्पा मारल्या आणि ओहोटीबरोबर परत आलो. वल्ह्याला फारसं काम पडलं नाही. मुलं मात्र विचारत राहिली, नदी उलटी कशी वाहते?

त्याचं उत्तर आपल्या कोकणात आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी वाशिष्ठीत शिरतं आणि चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढतं. हडसनचंही तसंच, फक्त पसारा मोठा. मॅनहॅटनच्या टोकापासून ट्रॉयच्या धरणापर्यंत, म्हणजे जवळजवळ 245 किलोमीटर, समुद्र रोज दोनदा आत येतो आणि दोनदा मागे जातो.

इथल्या मूळ रहिवाशांना हे पक्कं ठाऊक होतं. वरच्या खोऱ्यातले मोहिकन लोक या नदीला 'महिकनिटक' म्हणत. अर्थ साधारण असा, की जिचं पाणी कधीच स्थिर नसतं, जी दोन्हीकडे वाहते ती.

सप्टेंबर 1609 मध्ये हेन्री हडसन 'हाफ मून' जहाज घेऊन या नदीत शिरला. तो इंग्रज, पण नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. शोध कशाचा, तर आशियाकडे जाणाऱ्या जवळच्या वाटेचा! आत येणारं खारं पाणी पाहून आशा वाटावी, असंच हे पात्र आहे. पण आजच्या ऑल्बनीच्या आसपास पाणी उथळ झालं आणि त्याला परत फिरावं लागलं. आशिया काही सापडला नाही, नदीला नाव मात्र त्याचं लागलं. त्याच कंपनीने पुढे 1637 मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे अवशेष आजही तिथे आहेत. पुढच्या भारतवारीत मुलांना नक्की दाखवा.

आणि मोहिकन लोकांचं काय झालं? साथीचे रोग, लढाया आणि जमिनीचे व्यवहार यांत त्यांचा काठ सुटला. आधी मॅसॅच्युसेट्स, मग न्यूयॉर्कचाच आतला भाग आणि 1820 च्या दशकात थेट विस्कॉन्सिन. त्यांचे वंशज आज तिथेच राहतात, समुद्रापासून शेकडो मैल दूर. तिथे ना भरती, ना ओहोटी. तरी ते आजही स्वतःला 'कधीही स्थिर नसलेल्या पाण्याचे लोक' म्हणवतात. नदी हातातून गेली, पण ती त्यांनी आपल्या नावात जपली.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. चिपळूणकर, दाभोळकर, वेंगुर्लेकर, मालवणकर ही आडनावं दुसरं काय करतात? फरक एवढाच, की आपण आपल्या मर्जीने, विमानाचं तिकीट काढून आलो. त्यांना हुसकावलं गेलं. ही तुलना करताना हा फरक विसरू नये. पण म्हणूनच आपल्याकडे सबब कमी आहे. त्यांनी एवढं सोसूनही नावाचा अर्थ मुलांपर्यंत पोचवला. आपल्या मुलांना शाळेत आडनावाचं स्पेलिंग दहा वेळा सांगावं लागतं, पण त्या आडनावातलं गाव नकाशावर कुठे आहे हे किती जणांना सांगता येईल?

तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात मुलांना कयाकमध्ये बसवाल तेव्हा 'टाईड' बरोबर भरती, ओहोटी, उधाण हे शब्दही कानावर पडू द्या. या नदीचं जुनं नाव सांगा. आणि घरी आल्यावर नकाशा उघडून आपल्या आडनावातलं गाव आणि त्याच्या जवळचं पाणी शोधा, मग ती खाडी असो, नदी असो की ओढा.

तुमच्या आडनावात कुठलं गाव आहे? खाली जरूर लिहा, मुलांना विचारून!