टिचकीची कुळकथा

हाताला मुंग्या येतात म्हणून गेलेल्या माणसाच्या मनगटावर, कोपराच्या आतल्या बाजूला, कधी हासळीच्या हाडाच्या वर डॉक्टर बोटाने हलकेच ठोकतात. मुंग्या बोटांकडे धावल्या की दबलेल्या नसेचा माग लागतो. ही 'टिनेलची खूण'. मात्र ती जन्मली दबलेल्या नसांसाठी नव्हे, तुटलेल्या नसांसाठी.

साल १९१५. पहिल्या महायुद्धात हातापायांच्या नसा तुटलेल्या जवानांनी इस्पितळे भरली होती. नस आपोआप भरून येते आहे, की जखम उघडून ती शिवायला हवी? थांबावे तर स्नायू सुकतात. घाई करावी तर वाढू लागलेली नसच कापली जाते. या पेचावर जर्मनीच्या पॉल हॉफमन यांनी मार्चमध्ये उत्तर छापले, फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांनी ऑक्टोबरमध्ये. दोघांचे देश एकमेकांवर गोळ्या झाडत होते आणि दोघेही एकच गोष्ट सांगत होते: जखमेच्या पुढे नसेवर ठोका. नवे तंतू कोवळे, हळवे असतात. ते तिथवर पोचले असतील तर ठोकलेल्या जागी नव्हे, त्या नसेच्या हद्दीतल्या त्वचेत मुंग्या येतात. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणून महिन्याने तपासले की ठोकल्यावर मुंग्या उठवणारी जागा पुढे सरकलेली सापडते. टिनेल यांनी आणखी एक मोलाचा भेद केला. दुखले तर नस चिडली आहे, मुंग्या आल्या तर ती वाढते आहे. नाव एकट्या टिनेल यांचे रूढ झाले, हा हॉफमन यांच्यावर अन्याय आहे असे मला ठामपणे वाटते.

१९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी मनगटात दबलेल्या नसेच्या निदानात हीच टिचकी रुळवली. दाबाखाली नसेचे आवरण झिजते आणि तेवढाच टापू हळवा होतो. त्यामुळे इथे मुंग्या उठवणारी जागा पुढे सरकत नाही, दाबाच्या ठिकाणीच राहते.

टिचकीवर सगळा भार टाकता येत नाही. निरोगी हातालाही कधी मुंग्या येतात, आणि नस खरोखर दबलेली असूनही कधी काहीच जाणवत नाही. करंगळी बधिर झाली तर दोष कोपरात असेल, हासळीमागे असेल किंवा मानेतही. म्हणून मान, खांदा, कोपर, मनगट असे सगळे तपासून, गरज पडल्यास नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो तेही मोजावे लागते.