आळ्याचा रेडा

पुण्याहून नाशिकला एसटीने गेलेल्या माणसाला आळेफाटा माहीत नाही असं सहसा होत नाही. नाशिक-पुणे आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. लोक उतरतात, चहा पितात, पाय मोकळे करतात आणि पुढे जातात. फाट्याला ज्याचं नाव मिळालं ते आळे गाव मात्र बाजूलाच राहतं, आणि त्या गावात एका रेड्याची समाधी आहे हे तर फार थोड्यांना ठाऊक असतं.

हो, तोच रेडा. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखाने वेद बोलवले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो तो. पैठणहून नेवाशाला आणि तिथून आळंदीला परतताना भावंडांनी त्याला सोबत आणलं, आळ्यात त्याने देह ठेवला आणि तिथेच त्याला समाधी दिली, अशी गावाची श्रद्धा आहे. वाट तशी पटण्यासारखी आहे. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि तिथून पैठण हा व्यापाराचा रस्ता सातवाहनांच्या काळापासूनचा, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधी हजार-बाराशे वर्षांचा. आळे त्याच टापूत येतं.

आमचं आजोळ त्या भागातलं, त्यामुळे समाधीला लहानपणी अनेकदा गेलो. पण गोष्टीचा नीट विचार केला तो फार उशिरा. आता वाटतं की आपण तिच्यातला चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो आणि चमत्काराच्या आधीचं सगळं विसरतो.

आधीचं म्हणजे काय, तर आपेगावचे विठ्ठलपंत. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी ही त्यांची बायको. घर सोडून ते काशीला गेले आणि संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू आळंदीला आले असता रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग कळलं की हिचा नवरा म्हणजे आपलाच शिष्य. गुरूंनी त्याला परत पाठवलं. मला या कथेत सगळ्यात मोठं वाटतं ते हे. संन्याशाने पुन्हा संसारात जाणं शास्त्राला मान्य नाही, हे त्या गुरूंना माहीत नव्हतं थोडंच? तरी 'आपल्या हातून चूक झाली' हे त्यांनी ओळखलं आणि एका बाईच्या बाजूने निर्णय दिला. कथेत एवढ्या एकाच अधिकारी माणसाने ग्रंथ बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे पाहिलं आहे. त्याची किंमत मात्र त्यांना नाही, त्या घराला मोजावी लागली.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई अशी चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून घर वाळीत पडलं. मुंजी कशा करायच्या, प्रायश्चित्त काय, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं : देहांत प्रायश्चित्त. आई-वडिलांनी प्रयागला जाऊन जलसमाधी घेतली असं परंपरा सांगते.

हा निवाडा देणारी माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. बहुधा सज्जन असतील, पापभीरू असतील. पण त्यातल्या प्रत्येकाला म्हणता येत होतं की हे मी नाही सांगत, ग्रंथ सांगतो. चार लहान मुलांच्या आई-बापांना मरायला सांगताना एकाचाही हात त्यात नव्हता! आणि एवढं होऊनही मुलांना जातीत घेतलं नाहीच. 'पैठणहून शुद्धिपत्र आणा' म्हणून सांगितलं.

पैठणला तेच. तिथे कुणीतरी थट्टा केली की नावात काय आहे, तो पखालीचा रेडा चाललाय त्याचंही नाव ज्ञानाच. ज्ञानेश्वर म्हणाले, त्याच्यात नि माझ्यात भेद नाही. मग रेड्याला आसूड मारले, ते वळ यांच्या पाठीवर उठले, आणि पुढे ते वेद. नामदेवांच्या नावावरच्या चरित्रपर अभंगांपासून अठराव्या शतकातल्या महिपतींपर्यंत ही कथा सांगितली गेली. शुद्धिपत्र मिळालं, पण तेही ब्रह्मचर्याच्या अटीवर असं म्हणतात. म्हणजे रेडा बोलला तरी नियमाने आपला वाटा घेतलाच. वंश पुढे चालायचा नाही.

रेडा खरंच बोलला का, यावर वाद घालण्यात मला रस नाही. माझी अडचण वेगळी आहे. तो बोलला म्हणून पैठणकरांची सुटका झाली. दिसेल त्या मुलांकडे पाहून 'यांचा काय दोष?' असं म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ग्रंथात, ना आई-वडिलांच्या शिक्षेचा उल्लेख आहे ना रेड्याचा. पण तेराव्या अध्यायात अहिंसेवर आले की ज्ञानेश्वर थांबतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञ, आणि यज्ञाच्या मुळाशी पशूची हत्या; पूर्वमीमांसेची ही अहिंसा त्यांना पटत नाही. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करावं, देऊळ पाडून देवाला आवार बांधावं, तसं हे म्हणतात. विषय यज्ञाचा आणि पुढे औषधांचा आहे, हे मान्य. तरी धर्म राखायला ज्याच्या आई-बापांना मरायला लावलं, तो विशीच्या आतला मुलगा हे बोलतोय हे आठवलं की मला तिथून पुढे वाचवत नाही.

असो. रेड्याकडे येतो.

आपल्याकडे बैलाला पोळा आहे. रेड्याला काय आहे? तो यमाचं वाहन, दसऱ्याला बळी द्यायचा, नाहीतर शिवी म्हणून वापरायचा. 2015 साली राज्यात कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, रेडा त्यातही नाही. अशा जनावराची समाधी बांधून तिच्यापुढे एक गाव डोकं टेकवतं. काम संपलेला, पखाल न वाहणारा रेडा वाटेत सोडून देणं सोपं होतं. कथेतल्या त्या चौघांनी ते केलं नाही.

आजोबा माळकरी. एकादशीला समाधीवर जायचे. घरी एक म्हैस होती, दूध डेअरीला जायचं. म्हशीला रेडी झाली तर घरात आनंद. रेडा झाला तर आजी नुसतं "रेडाच हाय" म्हणायची आणि सगळ्यांना पुढचं कळायचं. पान्हा सुटेपर्यंत चार ओढ प्यायलं की रेडकू ओढून खुंट्याला बांधायचं. सुट्टीत हे ओढायचं काम माझ्याकडे असायचं. मला ते आवडायचं, ताकद दाखवता यायची. त्या वर्षीचं रेडकू महिनाभरात गेलं. मारलं कुणीच नाही. त्याआधी खरवस मात्र सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला होता.

पुढच्या एकादशीला मी आजोबांना समाधीपाशी विचारलं, "आपलं रेडकू कुठं पुरलं?" काही खोचक विचारायचं म्हणून नव्हे, खरंच माहीत नव्हतं. ते काही बोलले नाहीत. परत येताना वाटभर बोलले नाहीत.

म्हैस पुन्हा व्याली, पुन्हा रेडाच झाला. धार काढायला आजी बसली तेव्हा आजोबा गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "एक सड त्याला ऱ्हाऊ दे." आजी म्हणाली, "आन् डेअरीचं माप?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ती पुटपुटत राहिली, पण तीनच सड पिळले.

ते रेडकू जगलं. वर्षभराने आजोबांनी म्हैस विकली, त्यालाही बरोबरच दिलं. कुणाला दिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही.