मणक्यात ‘गॅप’ निघाला, म्हणून जिम सोडायची का?

कंबरेत उसण भरते. दोन दिवस बाम, शेक, झालंच तर पेनकिलर. तरी राहत नाही म्हणून एमआरआय काढला जातो आणि रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ किंवा ‘डिजनरेशन’ असा शब्द सापडतो. मग घरात, ऑफिसात, सोसायटीच्या कट्ट्यावर एकच निकाल लागतो, मणक्यात गॅप आहे, आता वजन उचलायचं नाही. जिमची वर्षभराची फी भरलेली असते ती वेगळीच.

पण हा निकाल बरोबर आहे का? बहुतेक वेळा नाही.

आधी रिपोर्टचं बघू

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. यातल्या साधारण ९० टक्के लोकांच्या दुखण्याला एखादं ठरावीक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग एमआरआयमध्ये दिसतं ते काय? २०१५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’मध्ये एक मोठा आढावा छापून आला. त्यात ३३ अभ्यासांमधल्या ३,११० लोकांचे स्कॅन होते आणि यातल्या कुणालाही पाठदुखी नव्हती. तरीही विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज दिसला, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये. गादीची झीज पन्नाशीत ८० टक्के लोकांना होती. म्हणजे वयानुसार केस पांढरे होतात, तसंच मणक्याचंही होतं. रिपोर्ट खोटा नसतो, पण तुमचं दुखणं त्याच्यामुळेच आहे असं नुसत्या रिपोर्टवरून ठरत नाही.

आणि हो, गादी झिजली की दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. तरी आपण त्याला ‘गॅप’ म्हणतो.

झोपून राहिल्यानं काय होतं?

१९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बाकी बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम करा असं आहे आणि कमरपट्टा, ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नको असं आहे. आपल्याकडे आजही सगळ्यात आधी विकत आणला जातो तो पट्टाच!

मीराबाई चानूचं उदाहरण घ्या. २०१७ ची विश्वविजेती, पण २०१८ मध्ये कंबरदुखीमुळे तिला जकार्ताची आशियाई स्पर्धा सोडावी लागली. २०१९ मध्ये ती परतली. २०२० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जाऊन तिनं फिजिकल थेरपिस्ट आरोन हॉर्शिग यांच्यासोबत पाठीच्या आणि खांद्याच्या तक्रारींवर काम केलं. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम आणि त्याच जुलैमध्ये टोकियोत एकूण २०२ किलो उचलून ऑलिम्पिकचं रौप्य. तिच्यामागे अख्खी टीम होती, हे खरंच. आपल्याकडे फार तर एक ट्रेनर असतो, तोही फोनवर. तरी यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. दुखणं आलं म्हणून वजन उचलणं कायमचं संपलं नाही, उचलण्याची पद्धत आणि तयारी बदलली.

मग जिममध्ये करायचं काय?

मूळ हिशोब सोपा आहे. स्नायूला काम द्यायचं, पण कंबरेवरचा भार तात्पुरता कमी करायचा.

जमिनीवरून डेडलिफ्ट करताना दुखत असेल, तर बार गुडघ्याच्या उंचीवर ठेवून तिथून उचला. खाली वाकण्याचं अंतर कमी झालं की बऱ्याच जणांना तोच व्यायाम सोसतो. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट जमत नसेल, तर एक डंबेल छातीशी धरा आणि मागे बाक ठेवून त्यावर टेकेपर्यंतच बसा. एक पाय मागे बाकावर ठेवून मारायचा स्प्लिट स्क्वॉट तर या काळात वरदान आहे. वजन निम्म्याहून कमी लागतं आणि मांडीला मात्र घाम फुटतो. वाकून मारायच्या रोइंगऐवजी तिरप्या बाकावर छाती टेकवून रोइंग करा. उभ्यानं शोल्डर प्रेस दुखत असेल तर पाठ टेकवून बसून करा.

लेग प्रेस ‘सेफ’ म्हणून सुचवला जातो, पण पाय फार खाली आणले की कंबर गादीवरून सुटून गोल होते. तिथेच थांबा.

सोबतीला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेले तीन व्यायाम आहेत: कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड डॉग, म्हणजे ओणवं होऊन उलट बाजूचे हात-पाय लांबवणं. दिसायला फार काही नाहीत, रील तर अजिबातच होणार नाही, पण घरी सतरंजीवर होतात.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत, तर चालू ठेवा. सकाळी उठताना कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल, तर वजन किंवा सेट कमी करा. वाढवतानाही एकदम दहा किलोची उडी नको, अडीच-अडीच किलोनं चढा.

सकाळी सहाच्या बॅचवाल्यांसाठी वेगळी सूचना. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही थोडी जास्त भरते. अशा वेळी वाकल्यावर त्यांच्यावर जास्त ताण येतो. उठल्यावर पहिला तासभर जड डेडलिफ्ट आणि खोल वाकणं टाळा. कंबर धरलेली असेल तर सूर्यनमस्कारही थोडे उशिरा घाला.

जिममधला चामडी पट्टा ही कमरपट्ट्यापेक्षा वेगळी वस्तू. जड वजन उचलताना पोटातला दाब वाढवायला तो मदत करतो. दुखणं लपवायला तो बांधू नका.

हे मात्र अंगावर काढायचं नाही

जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी अडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा पायातली ताकद झपाट्यानं कमी होणं, यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि तिथे तास मोजले जातात. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कॅन्सर झालेल्या माणसाची नवी पाठदुखी, ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना घटणारं वजन, यातही आधी डॉक्टर, मग जिम. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही सापडतो आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच वाटतो.